सवयीची दुआ

"ऊठ गं, आज बातमी मी वाचणार!" जनरल फव्वाझने निवेदिका निहालला उठवलं आणि कॅमेऱ्यासमोर गरजला, "लुटारू राष्ट्राध्यक्षांना, अल्ला त्यांना उदंड आयुष्य देवो, आम्ही हटवलं आहे!"

वीस वर्षं लाळ घोटलेली जीभ ती. राष्ट्राध्यक्ष म्हटलं की पाठोपाठ दुआ आलीच.

'शिवी दे रे मेल्या, दुआ काय देतोस!' निहाल मनातच करवादली.

राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर चालून गेलेल्या जनरलच्याच कर्नलांनी ती बातमी फोनवर ऐकली. "अरे, हा अजून त्यालाच दुआ देतोय! म्हणजे म्हातारा अजून खुर्चीत पक्का आहे." रणगाडे दारातच सोडून सगळे म्हाताऱ्याचा हात चुंबायला आत धावले.

जनरल फासावर गेला, निवडणुका रद्द झाल्या.

 

त्याच खुर्चीत बसून निहालने खणखणीत आवाजात बातमी वाचली, "राष्ट्राध्यक्ष, अल्ला त्यांना उदंड आयुष्य देवो, आजपासून तहहयात राष्ट्राध्यक्ष!"