कोरी चिठ्ठी

“पुस्तक मागायला आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही हं, पोरी,” थोरल्या ग्रंथपालबाई निवृत्त होताना म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या मदतनीस मुलीने तसा शब्द दिला होता.

वाचनालयाचे नवे साहेब मात्र दहा वर्षांत कुणी घरी न नेलेली पुस्तकं रद्दीत काढत सुटले होते. राज्यघटनेच्या शेवटच्या पानावरची पुस्तक घरी नेल्याच्या तारखांची चिठ्ठी त्यांना कोरी दिसली. “बघा, एक शिक्का नाही! जुनी झाली हो ही, आता कोण विचारतंय हिला?”

“अहो साहेब, ती आपण घरी नेऊच देत नाही! लोक इथे बसून वाचतात. पानं बघा ना, कशी मऊ पडलीत!” ती कळवळून सांगत राहिली. साहेबांनी तोवर गठ्ठ्याची दोरी आवळलीसुद्धा.

आठवड्याभराने साहेबच उतरल्या चेहऱ्याने तिच्या टेबलापाशी उभे. “मला कामावरून काढलं, बाई. माझं म्हणणंसुद्धा ऐकून घेतलं नाही! असं करता येतं का हो? ती राज्यघटना... मिळेल का जरा?”



तिने चपला पायांत सरकवल्या आणि ती रद्दीवाल्याच्या दुकानाकडे निघाली.