मुका मार

मुरुमजवळ दोघा भावांची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. थोरल्या मल्लिनाथचं डोकं फुटलं. धाकट्या गौरीशंकरला साधा ओरखडाही नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त मागितलं, तसं शरणम्मानं आपल्या धाकट्या लेकाला रक्तपेढीकडं ओढत नेलं.

“अव्वा, बरगडीखाली लई दुखतंय.”

“भाऊ मरायला टेकलाय अन् तुला दुखणं सुचतंय? गाडीवर तूबी व्हतास हे सांगू नकोस, रक्त घ्यायचे न्हाईत.”

बाटली भरून गौरीशंकर उठला अन् तिथंच कोसळला.

“मुका मार आहे. बरगडीखालची प्लीहा फुटून रक्त आतल्या आत गेलंय,” डॉक्टर म्हणाले. “ताबडतोब रक्त आणा.”

शरणम्मा ऊर फुटेस्तोवर धावत रक्तपेढीच्या खिडकीशी आली.



“मगाची बाटली परत द्या वो, साहेब... त्या गाडीवर त्योबी व्हता.”