दोन मोठे, एक मूल

गाडीत बॅगा तीन होत्या, पोहायचे चष्मे दोन, पिवळे फ्रॉक चार आणि मुली दोन. बुकिंगमध्ये मूल एकच होतं.

"पुन्हा एकदा," बाबा हॉटेलच्या फाटकाबाहेर गाडी थांबवून म्हणाला. "आमच्याबरोबर आत्ता कोण येणार?"

"मी," थोरली म्हणाली.

"आणि तू?"

"मी मागाहून. पण मी पण तीच," धाकटी म्हणाली.

दोघी सहा वर्षांच्या. जन्मात अंतर अकरा मिनिटांचं.

कंपनीच्या कामासाठी बाबा दोन वर्षं गावोगाव हिंडला होता आणि प्रत्येक मुक्कामाचे पॉइंट हॉटेलवाल्यांनी त्याच्या खात्यात जमा केले होते. ते एका खोलीला पुरत होते, दोन खोल्यांना नाही. पॉइंटांवरच्या खोलीत दोन मोठी माणसं आणि एक मूल, असा नियम. खोटी माहिती दिली तर सदस्यत्व रद्द आणि सगळ्या पॉइंटांवर पाणी.

"पलंग केवढा तरी मोठा असतो," बाबा आठवडाभर म्हणत होता. "दोघी मिळून एका मुलाएवढ्याच भरतात."

"हे तू त्यांच्या शाळेत सांगून बघ, एकच फी घेतात का," आई म्हणाली होती. पण फ्रॉक तिनेच आणले.

पहिला दिवस बिनबोभाट गेला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी नाश्ता करून वर आली आणि दुसरी खाली गेली. वाढपी कौतुकाने म्हणाला, "पोरगी खाते हो तुमची. आमची घासाघासाला रडवते." आईने मान डोलावली आणि नजर बशीत ठेवली.

दुपारी पोहून झाल्यावर आई थोरलीला घेऊन वर आली. बाबा पलंगावर लोळत होता.

"धाकटी कुठे आहे?"

"बाथरूममध्ये असेल."

"बाथरूमचं दार तर उघडं आहे. धाकटीला तुझ्याजवळ ठेवून गेले मी."

"होती. बाथरूममध्ये गेली." बाबा उठून बसला. "मग बाहेर आली ती थोरली. म्हणाली, चष्मा घ्यायला आले होते, आई खाली थांबली आहे. मी दार उघडून दिलं."

"थोरली माझ्याजवळून हललेलीसुद्धा नाही."

बाबाने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं. पडद्यामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मग समोर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. ओले केस, पिवळा फ्रॉक.

"तू कोण?" त्याने विचारलं.

"आत्ता कोण व्हायचं आहे?" ती म्हणाली.

आईने तिचे केस बाजूला करून कानामागचा तीळ पाहिला. थोरलीच होती. आईने तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

खाली काउंटरवरची बाई कुणाची तरी किल्ली शोधत होती.

"माझी मुलगी इकडे आली होती का हो?" आईने विचारलं.

बाईने काउंटरवरून वाकून पाहिलं. "ही?"

"हो. म्हणजे, हिच्याआधी."

"हिच्याआधी कोण?"

"हीच. एकटी होती का, असं म्हणायचं होतं मला."

"हिला विचारा ना ताई," बाई म्हणाली. "हिलाच ठाऊक असणार."

थोरलीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. तिला तसंच शिकवलं होतं.

तलावात कुणी नव्हतं. तरी आईने काठाने फिरून तळाच्या निळ्या फरश्या दोनदा पाहिल्या. बाबा गाड्यांच्या मधून फिरून आला. आवाज चढवून हाक मारावी, तर नाव कुणाचं घ्यायचं हे त्याला सुचत नव्हतं. तिघं पुन्हा खोलीत आली, धाकटी परतली असेल म्हणून. ती परतली नव्हती.

"सांगून टाकू," आई म्हणाली.

"काय सांगायचं? मुलगी हरवली म्हणावं, तर मुलीला हाताशी धरून उभे आहोत."

"दोन आहेत म्हणून सांगायचं."

"दोन वर्षं अगं. दोन वर्षं मी त्या पॉइंटांसाठी—"

"जळले तुझे पॉइंट. माझा एक हात रिकामा आहे."

बाबाने चपला पायांत सरकवल्या. तेवढ्यात दाराबाहेरचा कर्णा खरखरला आणि काउंटरवरच्या बाईचा आवाज सगळ्या मजल्यांवर घुमला.

"पाहुण्यांना विनंती. एक लहान मूल आम्हाला सापडलं आहे. मूल सुखरूप आहे, पण नाव सांगत नाही, आणि आमच्या नोंदीत ते कुठल्याच खोलीत नाही. ज्यांनी नोंद न करता मूल आणलं असेल, त्यांनी कृपया काउंटरवर यावं."

आई भिंतीला टेकली. मग सरळ झाली आणि निघाली. लिफ्टचं बटण दाबलं, पण लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती आणि वर काही येईना. ती जिन्याकडे वळली. थोरली तिच्या हाताला लोंबकळत, उड्या मारत उतरत होती. अर्ध्या गालाला दाढीचा साबण लावलेला एक गृहस्थ "जरा सरका" म्हणत त्यांना ओलांडून पुढे गेला.

"माफी मी मागतो," बाबा मागून म्हणाला. "बुकिंग माझ्या नावावर आहे."

"आधी ती हाताला लागू दे."

तळमजल्यावर काउंटरमागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून पिवळ्या फ्रॉकची कड आणि हलणारा एक पाय दिसला. आईच्या तोंडून इतक्या वेळाने पूर्ण श्वास बाहेर पडला. ती तडक दाराकडे निघाली.

कुणीतरी खाकरलं. "ताई, रांग आहे."

तिच्या पुढे एकोणीस जण होते.