ओळंबा

“पाड ही भिंत,” रहमतुल्ला गवंडी म्हणाला. डावा डोळा मिटून, उजवा भिंतीच्या कडेला लावून तो उभा होता. “मधी पोट सुटलंय हिला.”

कचरूच्या हातातली थापी हातातच राहिली. दुष्काळानंतर कुंभार पिंपळगावाला शाळा मिळाली, तिची ही भिंत. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा रचलेली. दोनदा उस्तादाच्या शब्दाखातर त्यानं ती निमूट पाडली होती.

“उस्ताद, ओळंबा लावून रचलीय. तुमीबी लावून बघा.”

“ओळंबा तुला. मला हा डोळा बस आहे.”

ही बढाई नव्हती. त्या डोळ्याच्या भरवशावर पंचक्रोशीतली घरं उभी होती. म्हणून तर रहमतुल्लाच्या जिवाला लागलं होतं. बावीस वर्षं हाताखाली राबलेला माणूस तीनदा चुकत नसतो. तो मुद्दाम करतो.

“रामराव ठेकेदार बोलावून राह्यला न्हाई का तुला? मंग जा की! माझं नाव बुडवून कशाला जातो? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला तू!”

कचरूनं थापी पुसली आणि उस्तादाच्या पायाशी ठेवली.

“बाप समजून दोनदा पाडली. आता न्हाई पाडत.”

एवढं बोलून तो तीर्थपुरीच्या सडकेला लागला.

रहमतुल्लाचा राग उतरेना. बेइमानी गावाला दाखवायचीच, म्हणून त्यानं कधी नव्हे तो ओळंबा उचलला आणि भिंतीला लावून उजव्या डोळ्यानं पाहिलं. ओळंब्याच्या दोरीलाही पोट सुटलेलं. वारा असेल, म्हणून त्यानं तो कडुलिंबाच्या फांदीला टांगला. झाडाचं पान हलत नव्हतं. दोरीच्या टोकाला वजन स्थिर लोंबत होतं. तरी दोरी मधोमध वाकलेलीच.

उन्हाळ्यात जालन्याच्या नेत्रशिबिरात डॉक्टर म्हणाले होते, “मोतीबिंदू नाही, चाचा. वयामुळं डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजतोय. याला औषध नाही. सरळ रेघ वाकडी दिसायला लागली, तर समजा वाढलं.” तेव्हा रहमतुल्ला हसला होता. घरी येऊन कुणाला सांगितलंही नव्हतं. वाकडी रेघ गवंड्याला नाही कळणार, तर कुणाला?

त्यानं उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला.

दोरी सरळ. भिंत सरळ. पाडलेल्या दोन्हीही सरळच असणार.

“कचरू!” तो जीव खाऊन ओरडला आणि डाव्या डोळ्यानंच शोधत राहिला.

सडक लांबपर्यंत सरळ गेली होती. तिच्यावर कुणीच नव्हतं.