पाचशे फुटांच्या आत

"लवूभावजी, जोर लावा!" कौसल्याबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

लोखंडी कपाट करकरत सरकलं आणि भिंतीत नुकतंच पाडलेलं दार त्यामागे गडप झालं. शेजारचे लवू धापा टाकत म्हणाले, "वयनी, त्या म्युन्सिपाल्टीवाल्याक मी खाली बघलंय. वॉचमनाक इचारी होतो, कौसल्याबाईंचा घर केवढा म्हणान. बजेटात पैसे कमी पडले काय आमचीच घरां मोजूक येतत."

पाचशे चौरस फुटांच्या आतल्या घराला मालमत्ता कर माफ. परळमधलं बाईंचं घर त्यात आरामात बसायचं. पण होणाऱ्या सुनेला, प्रितीला, स्वतंत्र खोली हवी म्हणून मुलाने, विनीतने, शेजारचं रिकामं घरही घेतलं आणि मध्ये दार पाडलं. दोन्ही घरं एकच धरली तर माफी गेली, आणि पोराच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं करात जायचं.

बेल वाजली.

दारात पन्नाशीचा माणूस. कडक इस्त्रीचा सदरा, काखेत घट्ट धरलेली कापडी पिशवी. टेप त्यातच असणार, बाईंनी ताडलं.

"नमस्कार. मी जरा..."

"कळलं कोण ते. या, बसा."

माणूस हसला. "न कळवता आलो, राग मानू नका. सांगून आलं की लोक घर वेगळंच दाखवतात."

चोराच्या मनात चांदणं! बाईंनी घाईघाईने चहा टाकला. माणसाची नजर भिंतीभिंतीवरून फिरत होती.

"जागा एवढीच?"

"एवढीच हो."

"पलीकडे अजून एक खोली आहे असं ऐकलं होतं."

कोणी सांगितलं मेल्याने? बाईंच्या डोळ्यांसमोर अख्खा मजला येऊन गेला. "लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. ती यांची."

"माझीच ती," लवूंनी मान डोलावली.

"आणि मुलगा कुठे झोपतो?"

"इथेच. कपाटाशी चटई टाकतो."

माणूस कपाटाकडे बघत राहिला. बाईंनी चहाचा कप पुढे केला.

"पुढे घरात माणसं वाढली तर?"

हा नक्की सापळा. पण बाईही गिरणगावातच वाढलेल्या. "पडदा लावू की मध्ये! आमच्या सासूबाईंनी पडद्यामागे अख्खा संसार केला."

माणसाने चहा अर्धाच ठेवला. पिशवीत हात घातला, थांबला, तसाच बाहेर काढला. "बरं झालं, डोळ्यांनी पाहिलं. येतो."

"मोजायचं काही?"

"मोजायचं काय त्यात?"

जिन्यावरची पावलं विरेपर्यंत बाई दाराशी उभ्या होत्या. मग पदराने घाम पुसत त्या मनापासून हसल्या. सुंठीवाचून खोकला गेला होता. महानगरपालिकेचा माणूस पण काय साधा निघाला, बिचारा!

दोघं कपाट पुन्हा सरकवत होते तेवढ्यात विनीतचा फोन आला.

"आई, काय बोललीस तू त्यांना? प्रितीचे मामा पेढे परत घेऊन गेले. म्हणतात, भाचीला पडद्यामागे नांदायला पाठवणार नाही."