बिनकामाचा क्लास

अकरा पंप गुणी बाळासारखे चालले आणि थांबले. बारावा, निळा, सुरूच होईना.

टेबलावर पाण्याची बादली, बादलीत पंपाची नळी, आणि समोर प्रोग्रामर डोक्याला हात लावून बसलेली. खाली पंप न्यायला गाडी उभी होती. उद्या सकाळपासून हे पंप इस्पितळात लागायचे होते, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थेंब थेंब औषध द्यायला. आणि स्क्रीनवर एकच ओळ: ‘निळ्या पंपाला “बंद कर” येत नाही. आधी शिकवा, मग सुरू करा.’

ही ओळ कोणाची, ते विचारायलाच नको. काकांची! काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. पंपांचा जुना प्रोग्राम नव्या संगणक-भाषेत आणायच्या कामातला एकच तुकडा त्यांनी जाता जाता स्वतः लिहिला, सगळ्या पंपांचा मूळ क्लास, म्हणजे साचा. तो स्वतः कोणताच पंप चालवत नव्हता. प्रत्येक पंपाला काय काय आलंच पाहिजे, त्याची त्यात नुसती नावं: सुरू कर, वेग बदल, बंद कर. कसं करायचं, ते ज्या त्या पंपाने आपापलं बघायचं. आणि यातलं एखादं न येणारा पंप अडवायला एक तपासणी. एवढ्यासाठी काकांनी तीन महिने घेतले. ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली होती. ‘बिनकामाचा क्लास’ हे नाव तर या प्रोग्रामरनेच ठेवलेलं.

साहेब आले. स्क्रीनवरची ओळ वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. “काकांचं खुसपट, दुसरं काय! ती तपासणी काढून टाक. जुन्या प्रोग्राममध्ये कुठे होती?”

“जुन्यात गरजच नव्हती, साहेब. त्या भाषेत एक नाव जरी गाळलं, तरी प्रोग्राम तयारच व्हायचा नाही. नवीत सगळं मोकळं रान, कोणी हटकत नाही.” तिने स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि निळ्याचं ‘बंद कर’ मी गाळलंय. तपासणी काढली तर पंप सुरू होईल हो. पण नर्स बंदचं बटण दाबेल, आणि हा आपला चालूच राहील.”

साहेबांनी बादलीत सोडलेल्या नळीकडे पाहिलं. मग खिडकीशी गेले आणि खालच्या गाडीवाल्याला थांबायची खूण केली.

तिने फोन लावला.

“काका, निळा अडलाय. ‘बंद कर’ सापडत नाही. निळ्याच्या जुन्या फाइलीत पण नाही.”

“निळ्याचं!” काका जवळजवळ ओरडलेच. “अगं, तेच ते! घड्याळाच्या फाइलीत बघ. निळा सांगून थांबत नाही, त्याचं घड्याळ थांबवावं लागतं. वीस वर्षांपूर्वी मीच तिथे नेऊन ठेवलं, शहाणपणा करून.”

होतं. सात ओळी.

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“आठवलं तर सांगणार ना! काहीतरी भलतीकडे ठेवलंय, एवढंच डोक्यात. काय, ते काही केल्या आठवेना. तीन महिने शोधत होतो गं. लाज वाटत होती सांगायला. शेवटी ती तपासणी लिहिली. म्हटलं, मी विसरलो तरी ही नाही विसरणार.”

तिने त्या सात ओळी नव्या भाषेत उतरवल्या, दोनदा वाचल्या, आणि निळा पंप सुरू केला. तो घरघरू लागला.

“चालला वाटतं,” काका म्हणाले.

“काका, तुमच्या क्लासला बिनकामाचा मीच म्हणायचे.”

“माहितीय. मलाही हसू यायचं.”

तिने फोन पंपाच्या अगदी जवळ धरला आणि बंदचं बटण दाबलं.

“काय गं? आता काहीच ऐकू येत नाही.”

तिचे डोळे भरून आले होते. “तेच ऐकवायचं होतं, काका.”