शेवाळावरचा तांबडा दिवा

समुद्रातली प्रवाळं मेल्यानंतर उरलेली घरोघरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत जगवली जात होती. दिवा मात्र सरकारी प्रवाळ मंडळ म्हणेल तोच, निळा. त्या उजेडात पाणी शुद्ध करणारं शेवाळ वाढेना आणि हेमलता तांडेलांचं प्रवाळ पांढरं पडू लागलं. त्यांनी प्रवाळाच्या टाकीला जोडलेल्या शेवाळाच्या छोट्या टाकीवर रोपवाटिकेतला तांबडा दिवा लावला.

"बाई, हा काढा, नाहीतर टाकी जप्त होईल," मंडळाचा तपासनीस म्हणाला.

"नुसत्या निळ्या दिव्यात हे मरणारच. मग मेलेलं प्रवाळ नेऊन काय करणार?"

तो नोटीस चिकटवून गेला. महिन्याभराने जप्तीला आला, तेव्हा प्रवाळाला पुन्हा रंग चढला होता. हेमलताबाईंनी वाढलेलं शेवाळ आळीत वाटलं होतं. आता अकरा घरांत तांबडे दिवे जळत होते.

"आधी कुणाची टाकी नेता?" त्यांनी विचारलं.